घणसोलीचा बाइक क्लास: झिगझॅगमध्ये पाय टेकवून नापास झालेल्या ॲक्टिव्हावालीचा रिव्ह्यू

आधीच सांगते, क्लासचं नाव इथे टाकत नाहीये. क्लास चालवणारे सर म्हणजे एकटा माणूस आहे, खाली मी चांगलं पण लिहिलंय आणि तक्रारी पण लिहिल्यात, आणि त्या नावासकट लिहायला मला बरं वाटत नाही. नवी मुंबईत ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे पट्ट्यातल्यांना खाडीच्या बाजूचा मोकळा प्लॉट म्हटलं की कळेल, रविवारी सकाळी तिकडे एल बोर्ड लावलेल्या गाड्यांची जत्रा असते. बाकीच्यांना निदान असा क्लास लावताना काय बघायचं ते तरी कळेल.

तर झालं असं की लेकीला अठरा पूर्ण झाली, तिने लायसन्स काढलं आणि पंधरा दिवसांत माझी ॲक्टिव्हा तिची झाली. वाशीला कॉलेज, ट्रेनने जायला काय होतं, पण नाही. नवऱ्याची बदली पुण्याला, त्याची गिअरवाली बाइक, युनिकॉर्न, बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी, आणि मी रोज सकाळी ऐरोलीहून महाप्याला जायला रिक्षावाल्यांच्या पाया पडतेय. म्हटलं बारा वर्षं ठाणे-बेलापूर रोडवर डंपरच्या मधून स्कूटर काढलीय, पावसात काढलीय, गिअर म्हणजे काय मोठी गोष्ट आहे.

इथेच माती खाल्ली.

माझं लायसन्स विदाउट गिअरचं. गिअरवालीसाठी सारथी पोर्टलवर परत अर्ज, परत लर्निंग, आणि लर्निंग मिळाल्यापासून ३० दिवस झाल्याशिवाय पक्क्या टेस्टला जाता येत नाही. लर्निंग सहा महिने चालतं त्यामुळे घाई नव्हती, पण मला होती. एका मोटार ट्रेनिंग स्कूलवाल्याकडे गेले, त्याने अर्धा तास सर्व्हिस रोडवर सरळ चालवायला लावली, फर्स्ट, सेकंड, थर्ड, परत सेकंड, आणि "ताई तुम्हाला तर येतेच की" म्हणून पैसे घेऊन मोकळा झाला. वळणाचं काही नाही, कोन बिन (ते शंकूसारखे ठोकळे असतात ना) काही नाही.

टेस्टला ओळीत कोन लावलेले, पाय न टेकवता त्यांच्या मधून झिगझॅग. पहिला डावीकडून गेला, दुसरा उजवीकडून, तिसऱ्याला गाडी जरा जास्तच वळतेय असं वाटलं म्हणून मी डाव्या हाताने ब्रेक मारला. म्हणजे मला वाटलं ब्रेक मारला. बाइकला डाव्या हाताला ब्रेक नसतोच, तिथे क्लच असतो. क्लच दाबल्या दाबल्या गाडीतला जीव गेला, १४० किलो डावीकडे कलंडायला लागलं आणि पाय खाली. टेस्ट घेणाऱ्या आरटीओच्या साहेबांनी मान पण वर केली नाही, "पुढचा" एवढंच. सात दिवसांनी परत या, टेस्टची फी परत भरा. मागे रांगेत लेकीच्या वयाची पोरं उभी होती, त्यातल्या एकाने "होतं काकू" म्हणून धीर दिला, त्याचाच जास्त राग आला.

मग ऑफिसातल्या एकीने या क्लासचं सांगितलं. पाच सेशन, शनिवार-रविवार सकाळी साडेसहा ते आठ, ३,५०० रुपये, गाडी त्यांची, पेट्रोल त्यांचं. दोन जुन्या स्प्लेंडर, एक पल्सर, आणि एक रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० जी सर कुणाला लवकर हात लावू देत नाहीत. मला आधी वाटलं स्प्लेंडरवर शिकून काय उपयोग, आपल्याला चालवायचीय युनिकॉर्न, पण सरांचं म्हणणं असं की स्प्लेंडर ११२ किलोची, दोन चाकांमधलं अंतर १२३६ मिलिमीटर, क्लासिक १९५ किलोची आणि १३९०. गाडी जेवढी आखूड आणि हलकी तेवढं वळणात चूक केली तरी सावरायला वाव. आधी हलकीवर चुका करून घ्या, मग जड घ्या. पटलं. तसंही जड गाडी आडवी झाली की उचलायला दोन माणसं लागतात आणि सकाळी साडेसहाला दोन माणसं कुठून आणणार.

पहिल्या दिवशी गाडी चालूच करू दिली नाही. बंद गाडी, डाव्या बाजूला उभं राहायचं, दोन्ही हातांनी हॅण्डल धरून कोनांच्या मधून ढकलत न्यायची आणि आणायची. आठ जण असे आळीपाळीने गाड्या ढकलतोय, रस्त्याने जाणारे बघतायत की पेट्रोल संपलेल्यांचा मोर्चा निघालाय का काय. मी मनात म्हटलं ३,५०० रुपये देऊन हमाली करतेय. पण त्या ढकलण्यातून एक गोष्ट डोळ्यांना दिसली जी वर बसून कधी दिसली नसती. पुढचं चाक कोनापासून चांगलं हातभर लांबून जातं आणि मागचं चाक मात्र कोनाला घासून. मागचं चाक पुढच्याच्या मागोमाग जात नाही, ते आतून कापतं. एनएमएमटीची बस कोपऱ्यावर वळते तेव्हा ड्रायव्हर आधी उलट्या बाजूला का घेतो ते मला त्या दिवशी कळलं. टेस्टमध्ये कोन पडतो तो बहुतेक वेळा मागच्या चाकाने पडतो, माणूस पुढच्या चाकाकडे बघत असतो, ते सुखरूप गेलं म्हणून खुश होतो आणि मागे टप्प आवाज येतो.

मग हाफ क्लच. गाडीवर बसायचं, दोन्ही पाय जमिनीवर, फर्स्ट टाकायचा, रेस अजिबात द्यायची नाही, क्लच केसभर केसभर सोडत जायचा. एका जागी गाडी पुढे सरकायला बघते, तिथे बोटं थांबवायची. परत दाबायचा. परत सोडायचा. असं पन्नास वेळा, आणि पन्नास म्हणजे सर मोजतात. बॅचमध्ये एकाने विचारलं, सर, क्लच प्लेट जळणार नाही का, माझे पप्पा तर कारमध्ये हाफ क्लचवर पाय ठेवला की ओरडतात. सरांनी नीट सांगितलं की कारचा क्लच कोरडा असतो, या गाड्यांच्या क्लच प्लेटी इंजिन ऑइलमध्ये बुडलेल्या असतात, त्यामुळे एवढ्या सावकाशीत अशा घासण्याने त्यांना काही होत नाही, रेस पिळून घासल्या तर होतं, आणि तरी दहा-पंधरा मिनिटांनी गाडीला थोडा आराम द्यायचा. मला हे आवडलं, प्रश्न विचारला की "तुम्ही फक्त सांगतो तेवढं करा" असं उत्तर या माणसाकडून एकदाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाय वर घेऊन झिगझॅग. सर पावलं मोजून कोन लावतात, आधी लांब लांब, मग हळूहळू जवळ. कोन पण सगळे कोन नाहीत बरं का, चार खरे प्लॅस्टिकचे नारिंगी आणि बाकी वाळू भरलेल्या बिसलेरीच्या बाटल्या. मी पहिल्या फेरीत तिसऱ्या बाटलीला पाय टेकवला. दुसऱ्या फेरीत तिसऱ्याच. तिसऱ्या फेरीत दुसऱ्या. सर लांबून बघत होते, जवळ आले आणि विचारलं, "मॅडम, ॲक्टिव्हा किती वर्षं?" म्हटलं बारा. "दिसतंय. गाडी हलली की तुमचा डावा हात आवळतोय. तो हात ब्रेक मारतोय."

आणि मग त्यांनी जे समजावलं तेवढ्यासाठीच खरं तर हा रिव्ह्यू लिहितेय, कारण माझ्यासारख्या स्कूटरवरून बाइकवर येणाऱ्या बायका खूप आहेत आणि हे आम्हाला कुणीच सांगत नाही. स्कूटरला डावा हात म्हणजे ब्रेक, आताच्या गाड्यांना तर कॉम्बी ब्रेक, डावं दाबलं की पुढचं मागचं दोन्ही लागतं. म्हणजे बारा वर्षं शरीराला सवय काय, भीती वाटली की डावा हात आवळा, गाडी थांबते, पाय खाली, संपलं. बाइकला तोच डावा हात आवळला की उलटं होतं, इंजिन आणि मागचं चाक एकमेकांपासून सुटतं. वळणात कललेल्या गाडीला उभं धरून ठेवणारी जी गोष्ट असते, म्हणजे मागच्या चाकाचा रेटा, तीच आपण आपल्या हाताने काढून घेतो. मग ती पडणारच. आपण थांबवायला जातो आणि पाडतो. आणि उजवा पाय, जो बाइकवर मागचा ब्रेक असतो, तो स्कूटरवर बारा वर्षं नुसता बसून होता, त्याला काही कामच माहीत नाही.

यात अजून एक गंमत आहे. आपल्याकडे ट्रॅफिकमध्ये स्कूटर हळू चालवतो म्हणजे आपण चालवतच नसतो, दोन्ही पाय खाली सोडून बदकासारखं चालत असतो. रबाळ्याच्या सिग्नलला बघा, घोडबंदरला बघा, सगळे बदक. रेस सोडली की ॲक्टिव्हाचा क्लच आपला आपण सुटतो, गाडी नुसती घरंगळते, तोल पायांवर. म्हणजे मी बारा वर्षं गाडी चालवली पण हळू गाडी एक दिवस चालवलेली नाही. टेस्टला तेवढंच बघतात. वेगात कुणालाही जमतं, वेगात गाडी आपली आपण उभी राहते.

उपाय काय केला तर सरांनी खिशातून सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा काढला, गुंडाळी केली, आणि मी फर्स्ट टाकून झाल्यावर क्लच लिव्हर आणि मूठ यांच्या मध्ये अडकवला, म्हणजे लिव्हर अर्ध्यापर्यंतच येणार, पुढे आवळताच येणार नाही. म्हणाले, आता घाबरा किती घाबरायचं ते. थांबायचं असेल तर उजव्या पायाने ब्रेक दाबा, गाडी बंद पडू दे, बंद पाडायला घाबरायचं नाही. पहिल्या दोन फेऱ्या मी शब्दशः किंचाळले, कारण हात आवळतेय आणि काही होतच नाहीये, गाडी चाललीय. तिसऱ्या फेरीला उजवा पाय जागा झाला. म्हणजे कसं सांगू, पायाला कळलं की इथे काम आहे. मागचा ब्रेक अगदी किंचित दाबून ठेवायचा, हाफ क्लचने इंजिन पुढे ओढतंय, ब्रेक मागे ओढतोय, आणि त्या ओढाताणीत गाडी अशी ताठ उभी राहते की विश्वास बसत नाही. चालण्याच्या वेगाने, पाय वर, पाच बाटल्या. मी पलीकडे जाऊन थांबले तेव्हा डावा तळहात थरथरत होता आणि अंगठ्याच्या मुळाशी फोड आला होता.

नंतर आठवडाभर मी ऑफिसच्या खुर्चीवर बसून टेबलाखाली उजवा पाय दाबत होते, मीटिंगमध्ये सुद्धा. शेजारच्याला वाटलं मला जायची घाई आहे.

नजरेचं तर सगळेच सांगतात, जिकडे बघाल तिकडे गाडी जाईल, कोनाकडे बघू नका. सांगणं सोपं आहे हो, कोन समोर असताना माणूस कोनाकडेच बघतो. सरांची युक्ती अशी की शेवटच्या बाटलीच्या पलीकडे त्यांचा असिस्टंट पोरगा उभा असतो आणि तो मधेच हात वर करून बोटं दाखवतो, दोन, चार, तीन, आपण गाडी चालवता चालवता ओरडून सांगायचं किती. नाही सांगितलं तर फेरी धरत नाहीत. बोटं मोजायची म्हणजे मान वर ठेवावीच लागते. पुढचं चाक कोनाच्या बरोबरीला आलं की नजर पुढच्या कोनाच्या पलीकडे फेकायची, चाक त्याच्यामागून येतं. आणि अंग गाडीबरोबर झुकवायचं नाही, हळू वेगात गाडीला आपल्या खाली झुकू द्यायचं, आपण ताठ किंवा किंचित बाहेरच्या बाजूला, गुडघे टाकीला चिकटलेले. पुढच्या ब्रेकला हॅण्डल वळलेलं असताना हातच लावायचा नाही, खडीवर तर मुळीच नाही. एका मुलाने लावला, गाडी जागेवर खाली बसली आणि इंडिकेटर तुटला, त्याचे २०० रुपये घेतले. हे आधी सांगून ठेवलेलं असतं त्यामुळे तक्रार नाही.

आठ पण शिकवतात, कारण काही ठिकाणी झिगझॅगच्या ऐवजी आठ काढायला लावतात. यावर बॅचमधल्या काकांनी मस्त विचारलं, "कुठला आठ, मराठी का इंग्रजी?" मराठी ८ असता तर काय, एक वळण घ्यायचं आणि सरळ घरी. दुर्दैवाने इंग्रजी असतो. दोन गोल आणि मध्ये फुली, त्या फुलीपाशी नजर एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर न्यायची, तिथेच सगळे अडखळतात. मला आठ झिगझॅगपेक्षा सोपा गेला, कारण एकदा गोलात बसलं की हॅण्डल फार हलवावं लागत नाही.

हे काका म्हणजे बॅचचे हिरो. साठीच्या पुढचे, टीटीसीमधल्या (इथली एमआयडीसी) एका कंपनीतून रिटायर, आयुष्यभर कंपनीची बस आणि सायकल, आता गावाला शेतावर जायला स्प्लेंडर घ्यायचीय. पहिल्या फेरीत सगळे कोन पार. आम्ही बघतच राहिलो. तीस वर्षं सायकल चालवलेल्या माणसाला हळू तोल सांभाळायला शिकवावंच लागत नाही, त्यांना फक्त क्लच शिकवावा लागला. आणि सगळ्यात शेवटी कुणाला जमलं तर ज्याला ड्यूक घ्यायचीय त्याला, एकोणीस वर्षांचा, प्रत्येक कोनाला रेस पिळणार, गाडी उडी मारणार, बाटली लांब. सर त्याला म्हणायचे, "भाऊ, घाई कुणाला आहे?"

आमच्या ऑफिसातला एकजण तीन वर्षं जपानला होता, त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला तिकडे मोठ्या बाइकच्या टेस्टला साडेचार-साडेचार मीटरवर कोन असतात आणि स्लॅलम, म्हणजे आपला झिगझॅग, सात सेकंदांत काढावा लागतो, चारशे सीसीपर्यंतच्या गाडीला आठ सेकंदांत. कोनाला धक्का लागला की तिथल्या तिथे घरी. आणि त्याच टेस्टमध्ये दुसरीकडे ३० सेंटिमीटर रुंद, १५ मीटर लांब पट्टीवरून जायचं ते मात्र मोठ्या गाडीने दहा सेकंदांच्या आत पोचायचं नाही, मुद्दाम हळू. म्हणजे एकाच टेस्टमध्ये लवकर पण आणि उशीर पण. मी सरांना सांगितलं, तर पुढच्या रविवारी प्लॉटवर खडूने पट्टी आखलेली. त्या पट्टीवर मी सहा सेकंदांच्या वर कधी गेले नाही, काका अकरा.

आता तक्रारी.

एक, बॅच मोठी. आठ माणसं आणि चालवायला गाड्या तीनच, कारण क्लासिक उभीच. दीड तासात प्रत्यक्ष गाडीवर अर्धा तास मिळाला तर नशीब. बाकी वेळ उन्हात उभं राहून दुसऱ्याचं बघायचं. बघून पण शिकतो वगैरे सर म्हणतात, ते थोडंफार खरं आहे, पण ३,५०० रुपये मी बघायचे भरले नव्हते. शनिवारी गर्दी कमी असते, जमत असेल तर शनिवारच घ्या.

दोन, आणि ही जरा गंभीर आहे. क्लासच्या स्प्लेंडर जुन्या, कार्बोरेटरवाल्या, आणि त्यांचं आयडलिंग (रेस न देता इंजिन फिरायचा वेग) स्क्रू फिरवून चढं ठेवलंय. म्हणजे रेस न देता नुसत्या हाफ क्लचवर गाडी छान ओढते, बंद पडत नाही. शिकताना मजा येते, पण घरी येऊन युनिकॉर्नवर बसले तर तिसऱ्या वळणाला बंद. परत चालू, परत बंद. मला वाटलं सगळं विसरले. नवऱ्याला फोन केला, तो म्हणाला ती फ्युएल इंजेक्शनची गाडी आहे, तिचं आयडलिंग कॉम्प्युटर ठरवतो, तिला थोडी रेस द्यावी लागेल. हे सरांनी आपणहून सांगायला हवं होतं. विचारल्यावर म्हणाले, "हो, शेवटच्या सेशनला स्वतःची गाडी आणा असं सांगतोच मी." मला नव्हतं सांगितलं, कुणालाच नव्हतं सांगितलं. मी चौथ्या सेशनलाच युनिकॉर्न घेऊन गेले, लेक मागे बसून ओरडत होती, आणि ते सेशन सगळ्यात उपयोगी पडलं. टेस्ट ज्या गाडीवर देणार ती गाडी क्लासला न्याच, कोणी सांगो न सांगो. एवढीशी रेस, म्हणजे मूठ पिळायची नाही, नुसती तळहातात भरायची, आणि ती पूर्ण झिगझॅगभर एकसारखी धरून ठेवायची, कमी-जास्त करायचं काम फक्त मागच्या ब्रेकने. हे समजायला मला एक अख्खी सकाळ लागली.

तीन, बायकांसाठी टॉयलेटची सोय शून्य. सगळ्यात जवळचा पेट्रोल पंप पण लांब आहे. सर बिचारे तसे सभ्य, हात धरून शिकवणं, उगाच मागे बसणं असले प्रकार नाहीत, गाडीला हात लावायच्या आधी "मॅडम, पकडू का" विचारतात, हे मुद्दाम लिहितेय कारण आधीच्या ठिकाणी तसं नव्हतं. पण सोय नाही ती नाही.

चार, धूळ. पलीकडे बांधकाम चाललंय, सात वाजल्यानंतर डंपर सुरू होतात आणि प्लॉटवर बारीक खडी येऊन पडते. सर झाडू घेऊन कोनांची लाइन झाडतात स्वतः, पण खडी ती खडी. आणि क्लासची हेल्मेटं. नका विचारू. आपलं न्या.

कागदपत्रांचं काम ते करत नाहीत, अपॉइंटमेंट आपली आपण, हे मला उलट बरं वाटलं. फक्त गाडीची आरसी, इन्शुरन्स, पीयूसी बघून घ्या असं बजावतात. मी टेस्टच्या आदल्या रात्री बघितलं तर पीयूसी दोन दिवसांपूर्वी संपलेली. रात्री साडेनऊला पंपावर धावले.

टेस्ट. परत तोच ट्रॅक, तेच साहेब असावेत, मी तोंडाकडे बघितलंच नाही, लांब भिंतीवर एक निळं पत्र्याचं झाकण होतं त्याच्याकडे बघत राहिले. पहिला, दुसरा. तिसऱ्याला गाडी हलली. खोटं कशाला बोलू, चांगलीच हलली, आणि डावा हात आवळायला निघाला पण, मला जाणवलं तो निघालाय ते. ट्यूबचा तुकडा नव्हता तिथे, पण बोटं अर्ध्यावर थांबली आणि उजवा पाय आपोआप दाबला गेला. गाडी ताठ. चौथा, पाचवा. साहेब म्हणाले "पुढचा". तोच शब्द, पण या वेळी कागदावर सही मारून.

येताना रबाळ्याच्या सिग्नलला सगळे बदक झाले होते, मी पाय वर ठेवून रिक्षामागे हळूहळू सरकत होते, मागचा हॉर्न वाजवत होता, वाजवू दे.

पाचपैकी पावणेचार देईन. आयडलिंगचं आधी सांगितलं असतं तर सव्वाचार. स्कूटरवरून बाइकवर येणाऱ्यांनी नक्की लावा, ज्यांना सायकलचा चांगला सराव आहे त्यांना दोन सेशन पुरतील, सरांशी बोला, ते दोनचे पण घेतात असं काकांनी सांगितलं. ज्यांना वेगात चालवायला शिकायचंय त्यांनी दुसरीकडे जा, इथे तिसरा गिअर मी पाच सेशनमध्ये एकदाही टाकलेला नाही. जाताना पूर्ण बूट घाला, सँडलवर आलेल्या एकीला परत पाठवलं होतं. पातळ ग्लोव्हज घ्या, नाहीतर अंगठ्याला फोड येतोच. पाण्याची बाटली घरून न्या आणि नीट लक्षात ठेवून परत आणा, माझी एक तिकडेच राहिली, पुढच्या रविवारी बघितली तर वाळू भरून चौथ्या नंबरला उभी होती.